विहिणीची खुर्ची

विहीणबाई, तुझ्यावर माझा विश्वास नाही. तू जिवंत होतीस तेव्हा नव्हता, आणि आता तुझं तेरावं उरकून पाहुणे आपापल्या गावी गेले तरी नाही. गेलेल्या माणसाबद्दल गोड बोलावं म्हणतात. बोलेन, तेही बोलेन. पण आधी मला काही विचारायचं आहे.

आणि आज मी तुला 'तू' म्हणणार आहे. इतकी वर्षं 'विहीणबाई बसा', 'विहीणबाई थोडं तरी घ्या' असं जिभेला तूप लावून बोलले. तुझी लेक माझ्या घरात, माझा लेक तुझा जावई. दोघींच्या मधे मानपानाची एवढी मोठी भिंत, की पलीकडे बाई कशी आहे ते टाचा उंचावूनसुद्धा दिसायचं नाही. आता भिंतीपलीकडे कोणी नाही. 'तू' म्हटलं म्हणून रुसणार कोण?

गावात काय चाललंय ते तुला कळायला हवं. पाणवठ्यावर, किराण्याच्या दुकानात, देवळाच्या पायरीवर एकच बोलणं. "म्हातारपणी उड्या मारायला लागली, मग दुसरं काय होणार?" तू जन्मात कधी उडी मारली नाहीस आणि आम्हाला मारू दिली नाहीस, पण लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार? आपल्या बनाईच्या लेकानं त्यांच्या खळ्याच्या तोंडाशी बाभळीचे काटे आणून टाकलेत. आपला म्हाताऱ्यांचा सकाळचा व्यायामाचा वर्ग तिथं भरायचा, तो बंद. आणि सगळ्या म्हाताऱ्या एकेक करून माझ्या ओट्यावर येऊन हळूच विचारतात, "अक्का, तुम्हीच सांगा. तुमची विहीण व्यायामानं गेली का हो?"

हे मला विचारतात! ज्या बाईनं तुझ्या वर्गावर पहिल्या दिवसापासून संशय घेतला तिला. 'नाही' म्हणावं, आणि उद्या आणखी कोणी आडवी झाली तर? 'हो' म्हणावं, तर त्या सगळ्या पुन्हा भिंतीला पाठ लावून बसतील, आणि पुढच्या वेळी उठतील त्या चौघांच्या खांद्यावरच. म्हणून सगळं पहिल्यापासून उगाळत बसले आहे. तू कुठे खरं बोललीस आणि कुठे लपवलंस, ते मला शोधायचं आहे.

तू धुळ्याहून एसटीनं अमळनेरला उतरलीस ती एक ट्रंक, एक वळकटी आणि एक काळी छत्री घेऊन. मुलींच्या शाळेत उभा जन्म कवायत शिकवलेली बाई, नवरा कधीच गेलेला, एकुलती एक लेक आमच्याकडे. निवृत्त झालीस आणि लेकीच्या गावी आलीस. पण लेकीच्या घरी नाही राहिलीस. शेजारच्या गल्लीत खोली घेतलीस. आमचा मधू म्हणाला, "आई, किती समजूतदार आहेत बघ सासूबाई." मी म्हटलं, किती पक्की आहे बघ! घरात राहिली असती तर माझ्या नजरेखाली राहिली असती. आता गल्लीत राहून काय कट शिजवते ते कळायचं कसं?

संशय हा माझा जुना रोग. नवी नवरी होते तेव्हा मला वाटायचं, सासूबाई माझ्यामागे जावेशी माझ्या चहाड्या करतात. ऐकायला म्हणून एका दुपारी मी रिकाम्या कणगीत उतरले. कणगी माहेरच्या विहिरीसारखी खोल, बाहेर निघता येईना. सासूबाई आणि जाऊ माजघरात आल्या, दोघींनी लोणच्याच्या कैऱ्यांवर गप्पा मारल्या, शेवग्याच्या झाडावर मारल्या, माझं नावसुद्धा काढलं नाही. मला त्याचाच इतका राग आला, की मी आतून ओरडले, "आणि माझ्याबद्दल काहीच नाही का बोलायचं?" मग काय, दोघींनी मला अंबाड्याला धरून वर काढलं. तोंडाला भुसा, नथ कणगीत. अशी मी शहाणी. तू काय शिकवणार होतीस मला?

वर्गाचं खूळ तुझ्या डोक्यात शिरलं ते माझ्या पुतणीच्या लग्नात. पंगत उठली. तरणी माणसं हात धुवायला गेली आणि आम्ही म्हाताऱ्या पाटांवर तशाच. एकीचा गुडघा धरलेला, एकीच्या पायाला मुंग्या. बनाई तर अशी रुतली होती, की तिचे दोन्ही भाचे बगलेत हात घालून ओढताहेत आणि ती ओरडतेय, "माय वं, मना पाय कोठे ग्यात?" सगळा मांडव हसला. मीही हसले, स्वतः पदराखाली गुडघा चोळत. तू नाही हसलीस. हातातला तांब्या तसाच धरून बघत राहिलीस. मी तेव्हाच ओळखलं, ही बाई काहीतरी मनात धरतेय.

आठवड्याच्या आत तू बनाईला गाठलंस. गावाबाहेर जाणाऱ्या रस्त्यावर तिचं खळं, सुगी संपली की रिकामं पडलेलं. सपाट, शेणानं सारवलेलं, औषधाला खडा नाही. म्हाताऱ्या पावलाला याहून चांगली जागा नाही, असं तू म्हणालीस. बनाईनं घरी सांगितलं, भजनाला जाते. बाकीच्यांनीही तेच सांगितलं. मी काही सांगितलं नाही. मी तर पाळत ठेवायला निघाले होते. पाळतीला जाताना कोणी सांगून जातं का?

पहिल्या दिवशी मी कडेच्या दगडावर बसले. तू म्हणालीस, "विहीणबाई, या ना, उभ्या राहा."

"मी नुसती सोबतीला आलेय. म्हटलं, विहीणबाई गावात नवीन, एकट्या."

"मग उभ्यानं सोबत करा."

"अहो, आम्ही जन्मभर जातं ओढलं, रहाट ओढला. आम्हाला कसला आलाय व्यायाम?"

"जातं कुठंय आता?"

"माळ्यावर."

"आणि दळण?"

"गिरणीत जातं."

"मग हातही माळ्यावरच ठेवलेत का?"

सगळ्या खो खो हसल्या. मी दगडावरून उठले ती तुला उत्तर द्यायला. आणि आयती उभी सापडले. तू लगेच माझा हात बनाईच्या खांद्यावर ठेवलास. "टाचा उचला. खाली. धरून ठेवा, सोडू नका. इथं कोणी शूर नाही."

काय शिकवलंस, ते आता आठवते तर सगळं आमच्याच घरातलं होतं. रवी घुसळायची, पण ताकाशिवाय. पाणी शेंदायचं, पण दोराशिवाय. राखेची एक रेघ ओढायचीस आणि तिच्यावरून पावलापुढे पाऊल लावत चालायला लावायचीस, शेजारणीचा हात धरून. आणि ते जमिनीवरून उठणं! आधी कुशीवर वळायचं, मग रांगत्या बाळासारखं हातगुडघ्यांवर यायचं, मग एक पाऊल पुढे, त्या गुडघ्यावर हात, आणि मग वर. घाई नाही, श्वास कोंडायचा नाही. पहिल्यांदा आम्ही सगळ्या रांगायला लागलो तेव्हा बनाईची म्हैस दावं तोडून पळाली होती. तिलाही संशय आला असणार.

उपाशीपोटी कोणाला हलू द्यायची नाहीस. पदराच्या गाठीत गुळाचा खडा नाही तर केळं घेऊन यायचं. उन्हाळ्यात उजाडता उजाडता, थंडीत ऊन अंगावर आल्यावर. पायात चप्पल नको, जमीन ओली असली की वर्ग देवळाच्या सभामंडपात. हे सगळं मला पटत होतं, म्हणून मी ते पटलंय असं कधी दाखवलं नाही.

पण तुझा जो मुख्य नियम, त्यानं माझं डोकं फिरवलं. हात चालू असताना तोंड चालू पाहिजे! प्रत्येकीनं काहीतरी सांगत राहायचं. काल काय रांधलं, सून काय म्हणाली, गाय कधी व्याली, काहीही. आणि जिला वाक्य पुरं करता येत नाही तिनं तिथंच खाली बसायचं, मग ती कोणी का असेना. "दम तोंडात कळतो," तू म्हणायचीस. "पाय खोटं बोलतात, जीभ नाही."

बायकांना तर सोनंच सापडलं. घरी ज्यांचं कोणी ऐकत नव्हतं, त्या इथं हात वर करून सगळं ओकायच्या. आणि मी मनात म्हटलं, सापडली चोरी! ही बाई व्यायामाच्या नावाखाली घराघरातल्या बातम्या गोळा करते. माझ्या घरातलं माझ्याच तोंडून काढते आणि संध्याकाळी लेकीच्या कानात ओतते.

म्हणून मी सापळा लावला. एका सकाळी दोराशिवाय पाणी शेंदताना मोठ्यानं सांगितलं, "मी सगळं सोडून काशीला जायचं ठरवलंय. किल्ल्या कोणाला द्यायच्या तेवढंच बाकी आहे." सगळ्यांनी आ केला. तू फक्त "वाक्य पुरं झालं, छान," म्हणालीस. मग मी घरी वाट बघत बसले. आज सून विचारेल, उद्या विचारेल. नाही विचारलं. शेवटी मीच विचारलं, "वत्सला, तुझ्या आईनं माझ्या काशीचं काही सांगितलं का गं?" पोर घाबरली. "तुम्ही काशीला निघालात? काय चुकलं माझं?" आणि रडायला लागली. मधू धावत आला. दोघांची समजूत घालता घालता माझीच काशी झाली.

म्हणजे तू काही सांगत नव्हतीस. खळ्यावरचं खळ्यावर ठेवत होतीस. दुसऱ्या कोणाचा संशय इथं फिटला असता. माझा दुप्पट झाला. म्हटलं, जी बाई एवढं पोटात ठेवते, तिच्या पोटात स्वतःचं काय काय असेल?

बघ, इथं मी बरोबर होते.

पण खरं तेही सांगते. पुढच्या लगीनसराईत बनाई पंगतीतून आपली आपण उठली. कुशीवर वळली, गुडघा टेकला, आणि उभी! सगळ्या मांडवाला ऐकू जाईल असं ओरडली, "देखा वं, मी उठनू! कोन्हाच हात नही लागना!" तू लांब उभी होतीस. पदरानं डोळे पुसलेस आणि लगेच नाक पुसल्याचं नाटक केलंस. मी पाहिलं. मी सगळं पाहत असते. त्या दिवशी तुझ्या पानात जास्तीची जिलेबी कोणी वाढली, असं तू वाढप्याला विचारलंस ना? मीच ती.

आता अक्षय्य तृतीयेवर, आपल्या आखाजीवर येते. तो वाद अर्धा राहिलाय.

खानदेशातल्या बाईला आखाजीला फुगडी नको म्हणणं म्हणजे बैलाला पोळ्याच्या दिवशी उपास घालणं. सासुरवाशिणी माहेरी आलेल्या, झाडाझाडाला झोके, गल्लीगल्लीत गाणी. आम्ही म्हटलं, खळ्यावर फुगडी घालू. तू म्हणालीस, नाही.

"का नाही?"

"चक्कर येते. हात सुटतो. या वयात मोडलेलं हाड जुळत नाही, विहीणबाई."

"सावकाश घालू."

"सावकाश फुगडी म्हणजे काय? दोघींनी हात धरून उभं राहायचं?"

"हाड जपायचं आणि मन वाळवायचं, असली कसली तुमची कवायत?"

तू रागावली नाहीस. फक्त म्हणालीस, "मन जपायला माणूस उभं तर राहिलं पाहिजे." आणि दुसऱ्या दिवशी भाचीला भेटायला म्हणून धुळ्याची एसटी धरलीस. मी म्हटलं, हा रुसवा. विहिणीला रुसायचा हक्कच असतो, लग्नात बाकी राहिला होता तो आता वसूल करतेय.

आखाजीच्या सकाळी मी आणि बनाईनं खळ्यावर फुगडी घातली. बाकीच्या टाळ्या पिटताहेत, गाणं म्हणताहेत. मला वाटलं मी पुन्हा परकरी झाले. प्रत्यक्षात दोन धान्याची पोती एकमेकांभोवती फिरत होती. आणि फिरता फिरता मला खळ्याच्या तोंडाशी काळी छत्री दिसली. तू सकाळच्या गाडीनं परत आली होतीस. आम्ही थांबलो. कोणी पडलं नव्हतं, मी तुला ते आवर्जून दाखवलं. तू वळलीस आणि हळूहळू घराकडे गेलीस.

दुसऱ्या दिवशी तू खुर्ची घेऊन आलीस.

हातांची लाकडी खुर्ची, वत्सला मागून आणत होती. खळ्याच्या मधोमध ठेवलीस आणि तिच्यावर बसलीस. आम्ही सगळ्या उभ्या, तू बसलेली! आणि तोंड बंद. "विहीणबाई, आज तुम्ही बोला. मी बघते." एवढंच.

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हटलं, हा मान! भर खळ्यात उंच आसनावर बसून मला दाखवतेय, की मी वरपक्षाची असले तरी इथली राणी ती. आणि अबोला वर. ठीक आहे. आमच्याही घरात खुर्ची आहे! दुसऱ्या दिवशी मी मधूची खुर्ची, तुझ्या खुर्चीपेक्षा बोटभर उंच, डोक्यावर घेऊन आले आणि बरोबर तुझ्यासमोर मांडली.

आठवतंय? दोन विहिणी दोन खुर्च्यांवर, नाकाला नाक. तू हात वर केलेस, मी केले. तू टाच उचललीस, मी उचलली. तू खुर्चीचा हात धरून अर्धवट उठलीस आणि बसलीस, मी पूर्ण उठून बसले. बनाई म्हणाली, "हाई तर भारी शे!" आणि तिसऱ्या दिवशी तिनं घरून बाज ओढून आणली. मग कोणी पाट रचून आणले, कोणी देवळातला चौरंग. ज्यांना उभं राहवत नव्हतं, ज्या आजवर कडेला बसून नुसत्या बोलायच्या, त्याही हलायला लागल्या. वर्ग वाढला. विहिणींच्या भांडणानं! आणि तू समोर बसून हसत होतीस, ओठ मिटून. मी म्हटलं, हसू दाबतेय, रुसवा मोडायचा नाही म्हणून.

रोज मलाच बोलायला लावलंस. "आता काय?" मी विचारायचे, तू हातानं दाखवायचीस. मला वाटलं, मी कुठे चुकते ते बघून सगळ्यांसमोर हसं करायचा डाव आहे. म्हणून मी एकही चूक केली नाही. सगळं पाठ केलं. कोणाचा कुठला गुडघा, कोणाला चक्कर, कोण थांबायला लाजते. तुला हरवायचं म्हणून! त्यातच दुपारी तू आणि वत्सला स्वयंपाकघरात कुजबुजत बसायचात. मी आले की गप्प. मी मधूला म्हटलंसुद्धा, "बघ, तुझी सासू तुला वेगळं काढणार."

त्या शेवटच्या सकाळी मी मुद्दाम पुन्हा फुगडीचं काढलं. "बोला ना, विहीणबाई, पडलं होतं का कोणी?" तू हसलीस, मान हलवलीस. तोंड उघडलंस, मग हातानंच 'उद्या' असं केलंस. जाताना माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून थोडी थांबलीस. मी वळून बघितलं नाही. रुसलेल्या विहिणीकडे आपण होऊन बघायचं नसतं, नाही का?

दुपारी निरोप आला.

तेराव्याचं आवरलं, भांडी पालथी पडली, आणि मी वत्सलाला समोर बसवलं. म्हटलं, "आता बोल. काय कुजबुजत होतात?"

ती आधी रडली. मग म्हणाली, "आई धुळ्याला भाचीकडे गेली नव्हती. डॉक्टरकडे गेली होती. त्यांनी नळी लावून छाती ऐकली. म्हणाले, हृदय थकलंय. विश्रांती घ्या."

"विश्रांती? मग खळ्यावर कशाला मरायला येत होती?"

"तिनं विचारलं त्यांना, म्हणजे पडून राहू? ते म्हणाले, अगदी पडून नको, दम लागणार नाही इतपतच हिंडा. तिला चालताना बोलणं होईना, सासूबाई. म्हणून बसायची. मला शपथ घातली होती."

"मला का नाही सांगितलं?"

वत्सला खाली बघत म्हणाली, "आई म्हणाली, तुझ्या सासूला कळलं तर ती मला खाटेला बांधेल आणि काठी घेऊन दारात बसेल. मग वर्ग कोण घेणार? तिला अजून चार दिवस रागावलेली राहू दे. रागात ती फार लवकर शिकते."

ऐकलंस का, काय म्हणालीस ते? तुझ्याच लेकीनं सांगितलं.

म्हणजे ती खुर्ची मानाची नव्हती. तुझाच नियम होता. जिला बोलता येत नाही तिनं बसायचं. तू सगळ्यांच्या डोळ्यांदेखत बसली होतीस, आणि आम्ही इतक्या जणी, एकमेकींचा दम ओळखायला शिकलेल्या, आम्हाला फक्त रुसलेली विहीण दिसली. तुला ठाऊक होतं तेच दिसणार. विहिणीच्या रुसव्यामागे कोणी दुसरं काही शोधत नाही. काय जागा शोधलीस लपायला! मी कणगीत लपले ती लगेच सापडले; तू भर उजेडात बसलीस आणि कोणाला सापडली नाहीस.

मी वत्सलावरही लगेच विश्वास ठेवला नाही. लेक आईला सांभाळूनच बोलणार. तुझ्या शेजारणीकडे गेले, खोदखोदून विचारलं. ती म्हणाली, त्या दुपारी वावटळ उठली. तू कुरडया खाटेवर वाळत घातल्या होत्यास. भर ज्येष्ठातल्या उन्हात ती भरली खाट एकटीनं ओढत आत नेलीस. शेजारीण म्हणाली, "मी आतून आवाज दिला, थांबा, आले. तर त्यांनी नुसता हात केला, नको म्हणून."

नुसता हात केला.

कुरडया कोणासाठी होत्या ते मी विचारलं नाही. तुला एकटीला किती लागतात? आमच्याच घरच्या होत्या. तो डबा वत्सलानं आणून फळीवर ठेवलाय. मी अजून त्याचं झाकण उघडलेलं नाही.

तर मग बायकांना मी काय सांगितलं, ते ऐक. व्यायामानं गेलीस की नाही, मला माहीत नाही, असंच सांगितलं. मी डॉक्टर नाही, आणि तुझं मन ऐकायची नळी अजून निघालेली नाही. पण एवढं दिसतंय: आमच्यात होतीस तेव्हा बसलीस. एकटी होतीस तेव्हा नाही बसलीस. यावरून ज्यानं त्यानं काय ते समजावं.

तुझा राग मात्र येतो, आणि तो मी सोडणार नाही. आम्ही तुझ्या सांगण्यावरून तिथं काय काय बोललो! कोणाचा नवरा मारायचा, कोणाला रात्री भीती वाटते, कोणाची सून उपाशी ठेवते. आणि आमच्याकडून सगळं काढून घेणारी तू मधोमध बसून स्वतःचं एवढंसंही बोलली नाहीस. मास्तरीण होतीस ना! मास्तरणीला काही दुखत नाही. माझं काशीचं खोटं तू पोटात ठेवलंस, त्याचे उपकार आहेत. स्वतःचं खरंही तिथंच ठेवलंस, त्याचं काय करू?

काल मी बनाईच्या लेकाकडे गेले. तो काट्यांपाशीच उभा होता. म्हणाला, "अक्का, उद्या मनी माय पडनी तर कोन देखी?"

मी म्हटलं, "आम्ही सगळ्या बघू. घरात पडली तर कोण बघतं?"

तरी तो हलला नाही. तेवढ्यात बनाई मागून आली. हातात कोयता. "हाई खळं कोन सारवस? मी. काटा कोन टाकात? तू. व्हय बाजूले." आणि काटे ओढायला लागली. वाकून नाही हं. तू शिकवलंस तसं, गुडघ्यात बसून, पाठ सरळ ठेवून. लेक बघत राहिला. मग त्यानंच पुढे होऊन काटे ओढले.

आज सकाळी वर्ग झाला. मी एक गोष्ट बदलली, तुला विचारायला वेळ नव्हता. आता मधे कोणी नाही. मीही गोलातच. आणि सुरू करायच्या आधी प्रत्येकीनं शेजारणीकडे नीट बघायचं आणि विचारायचं, काल कुठं दुखलं? उत्तर आलं तरी पहिल्या उत्तरावर विश्वास ठेवायचा नाही. पुन्हा विचारायचं. कोणी बसली तर का बसली, कोणी गप्प झाली तर का झाली, कोणी नुसता हात केला तर का केला, याचा छडा लावायचा. संशय घ्यायचा, चांगला खोलवर. जन्मभर ज्या रोगावर लोक मला हसले तो मी आज त्यांना शिकवला. सगळ्यांना लगेच जमला.

फुगडीचं तसंच राहिलं. मी अजूनही म्हणते माझं बरोबर आहे. तुझं काय म्हणणं होतं ते तू त्या सकाळी हातावर घेऊन गेलीस, त्यामुळे मला जिंकताही येत नाही.

तर आज आम्ही रवी घुसळत होतो. मी सांगत होते, काल मेथीची भाजी केली, आणि मधेच मला तुझं ते ओठ मिटून हसणं दिसलं. मी वाक्य सोडलं. एवढंच झालं. लगेच बनाईनं माझं मनगट धरलं.

"अक्का, गप काबर व्हयन्यात?"

"काही नाही गं. विहीणबाईंची आठवण आली."

कोणाचा विश्वास बसला नाही. सगळ्यांनी हात थांबवले. सगळ्या माझ्या तोंडाकडे बघायला लागल्या, अगदी मी शिकवलं तसं. मी म्हटलं, अगं खरंच, मला दम नाही लागलेला, नुसती आठवण आहे. बनाईनं मला खांद्याला धरलं आणि खाली दाबलं.

"व्हई. आठवन बसीसन काढा."

मग मी बसून काढली.